नेत्याचं व्यंगशिल्प: ओळखीसाठी नाक, आरोपासाठी हात

प्रश्न थोडक्यात परत लिहितो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. विचारणारे नाशिकचेच आहेत, शिल्पकलेच्या तिसऱ्या वर्षाला, आणि वर्षअखेरच्या प्रदर्शनासाठी देशपातळीवरच्या नेत्यांची व्यंगशिल्पं करायचं त्यांनी ठरवलंय. दोन झालीत. पहिलं कोणालाच ओळखू आलं नाही, नाक, कान, दात, हनुवटी सगळं मोठं करूनसुद्धा. दुसरं बघताक्षणी ओळखू आलं, पण ते नेत्याचं डोकं आणि खाली जनावराचं धड, शेपटीसकट, आणि ज्याने बघितलं तो म्हणाला हा अपमान आहे, ठेवू नकोस. घरचे घाबरलेत. तर हे करावं की सोडून द्यावं, आणि करायचं तर कसं.

मी पंचवटीत वाढलो, वडील गणपतीच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी करायचे, मी तिथेच माती मळायला शिकलो आणि आता सव्वीस वर्षं शिल्पाचं काम करतोय. पोट चालतं ते अर्धपुतळ्यांवर, म्हणजे गावोगावचे, संस्थांचे, चौकातले. व्यंगशिल्पं त्या मानाने कमी केलीत, मंडळांच्या देखाव्यांसाठी आणि काही स्वतःच्या समाधानासाठी. पण दोन्ही कामं एकाच हाताने केल्यामुळे एक गोष्ट मला अगदी जवळून दिसली ती आधी सांगतो, कारण तुमची खरी अडचण तिथेच आहे असं मला वाटतं.

आपल्याकडे नेत्याच्या पुतळ्याचं काय करायचं असतं? एकतर हार घालायचा नाहीतर जाळायचा. पुतळा उभारला असं म्हणतो आणि पुतळा जाळला असंही म्हणतो, शब्द एकच. जयंतीला जिना लावून हार चढवतात आणि आंदोलनात नाशिकच्या सीबीएस स्टँडला नाहीतर शालिमार चौकात गवताचा पुतळा करून त्याला चपला मारतात. या दोन्हीत पुतळ्याकडे बघायची गरजच पडत नाही. हार घालणारा चेहरा बघत नाही आणि जाळणाराही बघत नाही, त्यामुळे गवताच्या पुतळ्याला चेहरा नसला तरी चालतं, नुसता फोटो चिकटवला की झालं. आता तुम्ही जे करताय ते या दोन्हीत बसत नाही. तुम्हाला माणूस थांबायला हवाय, त्याने नीट बघायला हवंय आणि बघून त्याला काहीतरी कळायला हवंय. ही तिसरी सवय आपल्या लोकांना कागदावर आहे, व्यंगचित्राची आहे, १९६० साली 'मार्मिक' हे व्यंगचित्रांचं साप्ताहिक निघालं तेव्हापासून घराघरात आहे, पण त्रिमितीत फारशी नाही. म्हणून तुमचं शिल्प बघणारा पहिल्या क्षणी ठरवतो की हे हार घालायचं आहे का जाळायचं, आणि हार घालायचं दिसत नसेल तर तो त्याला जाळायच्या खात्यात टाकतो आणि म्हणतो अपमान. सगळा दोष बघणाऱ्यावर टाकू नका. दुसऱ्या शिल्पाच्या बाबतीत तो बरोबरही आहे, त्याकडे येतो.

आधी काय काय परिस्थितीवर अवलंबून आहे ते सांगतो. कॉलेजच्या दालनात ठेवणार का मंडळाच्या मांडवात का फक्त ऑनलाइन, यात जमीन-अस्मानाचा फरक पडतो. दालनात येणारा बघायला म्हणून येतो, रस्त्यावरचा आरतीला आलेला असतो. निवडणुकीची आचारसंहिता चालू आहे का, नेता आज पदावर आहे का हयात नाही, तुमच्या पाठीशी शिक्षक उभे राहणार आहेत का, हे सगळं बघावं लागतं. नेत्यांची नावं तुम्ही दिली नाहीत ते बरं केलंत, पुढचं सगळं कोणत्याही पक्षाच्या नेत्याला सारखंच लागू आहे, आणि तुमच्या संचातही ते सारखं लागू झालेलं दिसलं पाहिजे. सहा डोकी एकाच पक्षाची केलीत तर तो प्रचार झाला, मग शिल्प कितीही चांगलं असो.

आता पहिलं शिल्प, न ओळखू आलेलं. हे जवळपास प्रत्येकाचं होतं. चेहरा ओळखू येतो तो मोठ्या नाकामुळे येत नाही, सर्वसाधारण चेहऱ्यापेक्षा या माणसात काय वेगळं आहे आणि ते एकमेकांशी कोणत्या प्रमाणात आहे त्यामुळे येतो. सगळंच मोठं केलं की प्रमाण पुन्हा होतं तेच राहतं, फक्त डोकं राक्षसाचं होतं, आणि राक्षस सगळे सारखेच दिसतात. माझी पद्धत अशी की आधी त्या माणसाचं साधं, खरं पोर्ट्रेट करायचं, आठ-दहा इंचाचं, कॅलिपर, म्हणजे अंतर मोजायचा चिमटा लावून, काहीही न वाढवता. कंटाळवाणं काम आहे पण सोडू नका. ते समोर ठेवून स्वतःला विचारायचं की रस्त्यावरच्या शंभर माणसांत याचं काय वेगळं आहे, आणि तीनच गोष्टी लिहायच्या. त्यातली एक जोरात ताणायची, दुसरी तिच्यामागून थोडी ओढली जाऊ द्यायची आणि तिसरी तशीच ठेवायची. आणि जे ताणलं त्याच्या शेजारचं कमी करायचं, हे फार महत्त्वाचं. कपाळ वाढवलं तर हनुवटी आत घ्या. जबडा वाढवला तर डोळे बारीक करा. वजन इकडून काढून तिकडे द्यायचं, नुसती भर घालत जायचं नाही.

चित्रातली युक्ती मातीत चालत नाही हेही लक्षात घ्या. व्यंगचित्रकाराला एकच बाजू सांभाळायची असते. तुम्ही नाक दोन इंच पुढे ओढलंत तर बाजूने ते जबरदस्त दिसेल आणि समोरून अजिबात दिसणार नाही, कारण समोरून ते तुमच्याकडेच रोखलेलं असतं. समोरून ओळख पटते ती डोळ्यांमधलं अंतर, नाकाखालून ओठांपर्यंतची जागा, भुवयांचा उतार यावर. म्हणून प्रत्येक बदल केला की टर्नटेबल, म्हणजे शिल्पाखालचा फिरता पाट, फिरवायचं, निदान आठ ठिकाणी थांबून बघायचं, आणि ट्यूबलाइटमध्ये बघायचं नाही, खोलीत अंधार करून एकच बल्ब लावायचा आणि तो वरून, बाजूने, खालून असा फिरवायचा. दालनात स्पॉटलाइट वरून येतो, भुवया पुढे काढलेल्या असतील तर डोळे सावलीत जातात आणि तुम्हाला मिश्कील करायचा होता तो माणूस खुनशी दिसायला लागतो. बुबुळात खोल खड्डा करून त्यात मातीचा एक छोटा कण शिल्लक ठेवला की तो प्रकाश पकडतो आणि नजर जिवंत होते, अठराव्या शतकातला फ्रेंच शिल्पकार हूदों संगमरवरात हेच करायचा. माझे वडील ब्रशच्या एका ठिपक्याने गणपतीला जे द्यायचे तेच हे.

फोटो कुठून घेता तेही बघा. नेत्यांचे पोस्टरवरचे फोटो सगळे एकाच कोनातले, गुळगुळीत केलेले असतात, त्यावरून काम केलंत तर पोस्टरचंच शिल्प होईल. मी भाषणाचे व्हिडिओ आवाज बंद करून बघतो, तासन् तास. आवाज बंद केला की हात बोलायला लागतात. कोण टाळ्यांची वाट बघत किती वेळ थांबतो, दुसरा बोलत असताना कोणाचं बोट टेबलावर वाजत राहतं, कोण नमस्कार करताना समोरच्याकडे न बघता कॅमेऱ्याकडे बघतो, हे सगळं दिसतं. या कामातला सगळ्यात मोठा माणूस म्हणजे फ्रान्सचा ओनोरे दोमिए. त्याने १८३२ पासून पुढच्या दोन-तीन वर्षांत पॅरिसच्या संसदेतल्या आणि सत्तेच्या आसपासच्या माणसांची छोटी डोकी मातीत केली, न भाजलेल्या मातीत, वरून रंगवलेली, एक वीतही उंच नसतील. त्यातली ३६ आज पॅरिसच्या ऑर्से म्युझियममध्ये आहेत. त्यांचे फोटो नेटवर शोधा आणि एकेक डोकं रोज काढून बघा. एकालाही शेपूट नाही, शिंगं नाहीत, हातात काही वस्तू नाही. नुसती डोकी आणि खांदे, आणि तरी कोण झोपाळू आहे, कोण स्वतःवर खूश आहे, कोण कारस्थानी आहे हे लगेच समजतं.

आणि आता मुद्दा येतो तुमच्या दुसऱ्या शिल्पाचा.

मी माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलांना एक गोष्ट करायला लावतो. शिल्प सुरू करायच्या आधी एका कागदावर एक वाक्य लिहायचं, त्यात नेत्याचं नाव पाहिजे आणि क्रियापद पाहिजे. 'अमुक नेता दिलेला शब्द विसरला.' 'तमुक नेता प्रश्न विचारला की विषय बदलतो.' 'हा नेता शेतकऱ्यासमोर हात जोडतो आणि पाठ फिरली की घड्याळ बघतो.' असं वाक्य असेल तर शिल्पाला करण्यासारखं काहीतरी असतं. तुमच्या दुसऱ्या शिल्पाचं वाक्य काय? 'अमुक नेता म्हणजे जनावर.' यात तो काय करतो हे कुठेच नाही. शिवीत क्रियापद नसतं, शिवी म्हणजे नुसतं नाम, समोरच्याच्या अंगावर फेकलेलं. बघणाऱ्याला अपमान वाटला तो भित्रा आहे म्हणून नाही, त्या शिल्पात त्याला वाचायला दुसरं काही मिळालंच नाही म्हणून. जनावर वापरूच नये असं माझं म्हणणं नाही, पंचतंत्रापासून आपण वापरत आलोय, पण पंचतंत्रातला कोल्हा काहीतरी करतो, म्हणून तो लक्षात राहतो.

याच्याच जोडीला दुसरी गोष्ट, आणि ही मी चुकून शिकलोय. बारा-तेरा वर्षांपूर्वी एका मंडळासाठी देखाव्यात एका नेत्याचं शिल्प केलं होतं, पूर्ण उंचीचं, फायबरमध्ये. त्यांची मान एका बाजूला कललेली असायची, ती मी भरपूर कलवली, कारण ओळख त्यातच होती, आणि लोक येऊन हसत होते, मला फार बरं वाटत होतं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी एक मध्यमवयीन गृहस्थ आले, बराच वेळ बघत उभे राहिले, मग माझ्याजवळ येऊन शांतपणे म्हणाले, मानेचं ऑपरेशन झालंय हो त्यांचं, दुखतं त्यांना. एवढंच बोलून गेले. भांडले असते तर मी उलट बोललो असतो. त्या रात्री गर्दी ओसरल्यावर मी मानेजवळ कापून डोकं सरळ बसवलं, सांधा भरला, पहाटे चारला रंग दिला. आणि तेव्हापासून ठरवलं की माणसाने निवडलेलं काय आणि त्याच्या वाट्याला आलेलं काय हे आधी वेगळं करायचं. टोपी, जाकीट, हात हलवायची ढब, कॅमेऱ्यासमोरचं हसू, सवयीचं वाक्य, हे त्याने निवडलेलं आहे. उंची, रंग, टक्कल, आजारपण, चालीतला दोष हे त्याने निवडलेलं नाही. नाक तर कोणीच निवडत नाही, पण नाकाशिवाय ओळख कशी पटणार, म्हणून माझा नियम असा की ओळखीसाठी नाक घ्या पण आरोप हातावर करा. हात म्हणजे त्याने जे केलं ते. नाक मोठं आहे म्हणून तो वाईट, असं शिल्पाने कधीच म्हणू नये.

बायका नेत्यांच्या बाबतीत तर हे दुप्पट जपा. इंदिरा गांधी ओळखू यायला केसातला पांढरा पट्टा आणि नाकाची रेघ एवढं पुरत होतं, वर्षानुवर्षं व्यंगचित्रकारांनी तेवढ्यावर भागवलं. अंगाचं काही वाढवायची गरज कोणालाही पडू नये, आणि पुरुषांच्या बाबतीतही तेच. २०१६ साली अमेरिकेत ट्रम्प यांचे नागडे पुतळे पाच शहरांत एकाच दिवशी उभे केले होते, जगभर फोटो फिरले. मी बरेच बघितले, आणि मला त्यात पोट आणि कातडी सोडून त्या माणसाच्या राजकारणाबद्दल एकही वाक्य सापडलं नाही. गर्दी झाली हे खरं. पण गर्दी शिवीलाही होते.

परंपरा नाही म्हणून घाबरू नका, परंपरा आहे. नागपूरला पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत, म्हणजे इडापिडेची मोठी मूर्ती, निघते, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापासून, आणि तिच्याबरोबर बडगे, म्हणजे टीकेचे पुतळे, निघतात, त्यात महागाई, भ्रष्टाचार, त्या वर्षी ज्यांच्यावर लोकांचा राग असेल ते पुढारी असे सगळे येतात आणि 'घेऊन जा गे मारबत' म्हणत गावाबाहेर नेऊन जाळतात. आपल्या जिल्ह्यात पेठ, सुरगाण्याकडे बोहाड्याची सोंगं आहेत, मुखवट्यांची, कागदाच्या लगद्याचे आणि लाकडाचे मुखवटे, आणि एकदा तिकडे जाऊन ते हातात घेऊन बघा, भुवया आणि जबडा किती निर्भयपणे ताणलाय ते कळेल, आणि तरी प्रत्येक सोंग कोणाचं आहे हे गावातलं पोर सांगतं. स्पेनमध्ये व्हॅलेन्सियाला 'फाय्यास' नावाचा उत्सव असतो, पुढाऱ्यांची आणि बातम्यांची प्रचंड व्यंगशिल्पं चौकाचौकात उभी करतात आणि १९ मार्चच्या रात्री सगळी जाळतात, मात्र लोकांच्या मतांनी निवडलेले एक-दोन पुतळे वाचवून म्युझियममध्ये ठेवतात. हे मला फार आवडतं. लोक वर्षभराच्या कामाकडे नीट बघतात, मत देतात आणि मगच जाळतात. इंग्लंडमध्ये १९८४ ते १९९६ 'स्पिटिंग इमेज' नावाचा टीव्ही कार्यक्रम होता, त्यातल्या तिथल्या पंतप्रधान थॅचरबाईंपासून सगळ्यांच्या बाहुल्या आधी मातीत केलेल्या असायच्या, मग साचा, मग लॅटेक्स फोम, म्हणजे काम शिल्पकाराचंच.

आणि आपले व्यंगचित्रकार आर. के. लक्ष्मण. त्यांचा कॉमन मॅन पुण्यात सिम्बायोसिसच्या आवारात आणि मुंबईत वरळी सी-फेसला पुतळा होऊन उभा आहे. या दोन पुतळ्यांचा मी पुष्कळ विचार केलाय. इतकी वर्षं पुढाऱ्यांची चित्रं काढली, पण पुतळा झाला तो चित्राच्या कोपऱ्यात उभा राहून मुकाट बघणाऱ्याचा. तुमच्या प्रदर्शनात नेत्यांच्या डोक्यांसमोर एक बघणारा ठेवता आला तर बघा, त्यांच्याच उंचीचा, साधा, काहीही न ताणलेला.

उंचीवरून आठवलं, आकार लहान ठेवा. दोमिएची डोकी वीतभर होती यात मोठं शहाणपण आहे. मोठं केलं, चौथऱ्यावर ठेवलं की ते लगेच चौकातला पुतळा होतं, आणि लोकांना हार नाहीतर काडेपेटी आठवते. टेबलावर, डोळ्यांच्या थोडं खाली, माणसाला वाकून बघावं लागेल असं ठेवा. वाकून बघणारा माणूस विचार करतो, मी अनेकदा पाहिलंय.

कायद्याचं सांगतो, पण मी वकील नाही, प्रदर्शनाआधी एखाद्या वकिलाला दाखवा, तासाभराचं काम आहे. घटनेच्या कलम १९ ने बोलण्याचं स्वातंत्र्य दिलंय आणि त्याच कलमात मर्यादाही दिल्यात. बदनामी हा आजही फौजदारी गुन्हा आहे, आधी भारतीय दंड संहितेत होता, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत आहे, कलम ३५६. राष्ट्रध्वज, राजमुद्रा या गोष्टी शिल्पात घेऊच नका असा माझा ठाम सल्ला आहे. १९७१ च्या कायद्यात तिरंगा पुतळ्यावर आच्छादन म्हणून वापरणं हासुद्धा अपमानाचा प्रकार सांगितलाय, आणि राजमुद्रेसाठी २००५ चा वेगळा कायदा आहे. २०१२ साली मुंबईत व्यंगचित्रकार असीम त्रिवेदी यांना राजद्रोहाच्या कलमाखाली अटक झाली होती, त्यांच्या चित्रांत राजमुद्रा आणि संसद होती. पुढे हायकोर्टाने राजद्रोह लावण्यावर कडक शब्दांत लिहिलं, पण अटक व्हायची ती होऊन गेली होती. आणि छोट्या प्रती करून विकायचा विचार असेल तर थांबा, १९५० च्या एका कायद्याप्रमाणे पंतप्रधानांचं, गांधीजींचं, नेहरूंचं, छत्रपती शिवाजी महाराजांचं नाव किंवा प्रतिमा धंद्यासाठी परवानगीशिवाय वापरता येत नाही.

हयात नसलेल्या, लोकांनी मनात जागा दिलेल्या थोरांना तुम्ही घेऊ नका असं मला वाटतं. कोर्टाचंही एक आहे, 'गांधी मला भेटला' या मराठी कवितेच्या खटल्यात २०१५ साली सुप्रीम कोर्टाने म्हटलं की ऐतिहासिक आदरणीय व्यक्तीच्या नावाने अश्लील भाषा वापरली तर कसोटी अधिक कडक लागते. पण माझं कारण कोर्टाचं नाही. आज ज्याच्या हातात सत्ता आहे त्याला उद्या वेगळं वागता येतं, म्हणून त्याच्यावर टीका करायची. गेलेल्या माणसाकडून तुम्हाला काय करून हवंय? शिवाय संदर्भ सुटतो. व्यंगचित्रकार शंकर यांचं १९४९ चं एक व्यंगचित्र, घटना तयार व्हायला वेळ लागतोय म्हणून गोगलगायीवर बसलेले बाबासाहेब आणि मागे चाबूक घेतलेले नेहरू, ते अकरावीच्या पुस्तकात होतं, २०१२ मध्ये त्यावरून संसद बंद पडायची वेळ आली आणि पुस्तकातून काढलं गेलं. ज्या शंकरना नेहरूंनी स्वतः सांगितलं होतं की मलाही सोडू नका, त्यांचंच चित्र. साठ वर्षांत चित्राभोवतीचा काळ गेला, बघणारे बदलले, आणि ज्यांचं मन दुखलं त्यांच्या दुखण्यामागे खरा इतिहास होता. शिल्प तर कागदापेक्षा जास्त टिकतं, त्यामुळे आपण अधिक विचार करायला हवा.

मांडवात ठेवायचं असेल तर पोलिसांची परवानगी घेताना देखाव्याचा विषय स्पष्ट सांगा, लपवू नका. २०२२ साली कल्याणला एका मंडळाचा पक्षफुटीवरचा देखावा पोलिसांनी जप्त केला आणि प्रकरण हायकोर्टापर्यंत गेलं, ऐन गणपतीत. तुम्ही विद्यार्थी आहात, पहिल्यांदा दालनच बरं. आणि एक आजची गोष्ट, शिल्प बघणाऱ्यांपेक्षा त्याचा व्हॉट्सअॅपवरचा फोटो बघणारे हजारपट असणार आहेत, एकाच कोनातून, शेजारचं काहीही न दिसता. म्हणून तो कोन तुम्ही ठरवा. स्वतः चांगले फोटो काढा, त्यात तुमचं क्रियापद, म्हणजे तो हात, दिसलाच पाहिजे.

एवढ्यात जे झालं ते असं: आधी साधं पोर्ट्रेट, मग एकच गोष्ट ताणायची, वाक्यात क्रियापद, आकार लहान, ध्वज-राजमुद्रा नाही. आता हाताचं काम.

आर्मेचर, म्हणजे मातीच्या आतला सांगाडा, नेहमीपेक्षा मजबूत घ्या, कारण व्यंगशिल्पात डोकं मोठं आणि मान बारीक असते, सगळा भार पुढे येतो. ताणलेल्या हनुवटीत, नाकात, कानात बाइंडिंग वायरला लाकडाच्या छोट्या फुल्या बांधून सोडा नाहीतर रात्रीतून माती खाली उतरते आणि सकाळी वेगळाच माणूस समोर असतो. शाडूच वापरा, पैसे वाचवायला आपल्याकडची काळी माती मिसळू नका, ती वाळताना इतकी आकसते की गालाला भेगा पडतात. साच्याची अडचण इथे जास्त येते, मोठे कान आणि पुढे आलेलं नाक मागून अडकतं, पीओपीच्या तुकड्यांचा साचा केलात तर तुकडे मोजता मोजता वैतागाल. एकच प्रत हवी असेल तर वेस्ट मोल्ड, म्हणजे प्रत काढताना फोडायचा साचा, जास्त हव्या असतील तर सिलिकॉन रबर आणि वरून पीओपीचं कवच, आणि कान वेगळे ओतून नंतर लावा. फायबर करणार असाल तर मास्क घाला, आणि हार्डनर आणि अॅक्सिलरेटर एकमेकांत थेट कधीही मिसळू नका, भडका उडू शकतो, आधी एक रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचं आणि मग दुसरं. खरं तर विद्यार्थ्याच्या खिशाला कागदाचा लगदा सगळ्यात बरा, हलका आणि स्वस्त, गव्हाच्या पिठाची खळ करा, कीड लागू नये म्हणून त्यात चिमूटभर मोरचूद टाका, मोरचूद विषारी आहे तेव्हा हातमोजे घाला आणि भांडं वेगळं ठेवा, आणि पावसाळ्यात हे काम काढू नका, नाशिकच्या पावसात लगदा वाळत नाही, बुरशी येते.

घरच्यांचं राहिलं. त्यांना प्रदर्शनात पहिल्यांदा दाखवू नका, आत्ता दाखवा, ओल्या मातीत असतानाच. माझी आई फारशी शिकलेली नव्हती पण माझं प्रत्येक व्यंगशिल्प आधी तिच्यासमोर जायचं, आणि ती एकच विचारायची, याने काय केलंय? शिल्प बघून तिला ते माझ्या न सांगता कळलं तर मी पुढे जायचो. नाही कळलं तर मोडायचो, आणि बरीच मोडली. तुमच्या आईवडिलांना शेपूट बघून भीती वाटली, साहजिक आहे. त्यांना हात बघू द्या आणि मग विचारा. तरीही नको म्हणाले तर एक मार्ग आहे, माणूस न घेता प्रकार घ्या. दोमिएने फ्रान्सच्या राजाची टिंगल करणाऱ्या 'गार्गांतुआ' या चित्रासाठी १८३२ साली सहा महिन्यांची शिक्षा भोगली, १८३५ मध्ये चित्रांवर सेन्सॉर आला, आणि पुढे १८५१ च्या सुमारास त्याने 'रातापुआल' नावाचं शिल्प केलं, लुई नेपोलियनसाठी गर्दी जमवणारा एक वाळका, वाकडा, सोटा घेतलेला हस्तक. तो कोणी खरा माणूस नव्हता, पण पॅरिसमध्ये प्रत्येकाला माहीत होता. तुमच्या गल्लीतही असे दोघं-तिघं नक्की आहेत, फ्लेक्सवर नेत्याच्या खाली बारीक फोटो असलेले.

आत्ता करायचं ते एवढंच. पहिलं डोकं मोडा, त्याच मातीत साधं पोर्ट्रेट करा. दुसऱ्याचं डोकं चांगलं झालंय असं तुमच्या वर्णनावरून वाटतं, ते ठेवा, खालचं धड काढा, खांदे आणि उजवा हात द्या, आणि त्या हाताने काय करायचं ते आधी कागदावर लिहा. मार्चचं ऊन सुरू झालंय, दिवसातून तीनदा ओलं फडकं बदला आणि वरून प्लॅस्टिक घट्ट बांधा. हात झाला की चारी बाजूंनी फोटो काढून इथेच टाका, मी बघतो.